कार्डाची फिर्याद
लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, विकत घेतलेले वाय-फाय कार्ड लिनक्सवर मूक राहिले, तर ते सदोष ठरवण्यापूर्वी त्याची रीतसर तपासणी व्हावी. कारण पीसीआय जातीच्या प्रत्येक कार्डात निर्मात्याचा व उपकरणाचा असे दोन क्रमांक नोंदलेले असतात, ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा योग्य पर्यायांसह दिली असता ते क्रमांक आणि कार्डाचा कारभार पाहणारा ड्रायव्हर दाखवते, आणि फर्मवेअरची फाइल मिळाली नसल्यास तशी फिर्याद बहुधा कर्नलच्या दप्तरी, म्हणजे ‘डीमेसेज’मध्ये, दाखल असते. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने आरंभिलेल्या या कर्नलचा मूळ मजकूर सर्वांना खुला आहे. म्हणून गिरगाव-परळच्या विद्यार्थ्यांनी दोषाचे कारण स्वतः शोधावे, कारण यंत्रविद्येचे खरे शिक्षण तेथेच आहे.