चार दिवसांत गोरं? मग जरा थांबा

चेहऱ्याला लावायची क्रीमं, सिरम, फाउंडेशन, लिपस्टिक हा विषय आपल्याकडे दोनच प्रकारे बोलला जातो. एकतर "नट्टापट्टा" म्हणून नाक मुरडून, नाहीतर "हे लावा आणि जादू बघा" म्हणून डोळे विस्फारून. मला दोन्हींचा कंटाळा आलाय. माझं मत साधं आहे. आवडत असेल तर खुशाल नवनवीन गोष्टी लावून बघा, हौसेला मोल नाही. पण जे क्रीम चार दिवसांत चेहरा गोरा करून दाखवतं, त्याच्यावर सगळ्यात जास्त संशय घ्या. या विकांताचा मुद्दा एवढाच. (पुरुष मंडळींनी उठून जाऊ नये. २००५ पासून तुमच्यासाठीही गोरं व्हायचं वेगळं क्रीम बाजारात आहे :) )

मी मूळची बीड जिल्ह्यातली, पोटापाण्यासाठी पुण्यात कोड पाडते. गावाकडच्या बहिणींच्या दृष्टीने पुण्यात राहणाऱ्या माणसाला सगळंच माहीत असतं, त्यामुळे सल्ला मागणारे फोन बरेच येतात. आणि प्रश्नांची पातळी कमालीची वाढलीये हां! आमच्या आजीच्या पिढीला "स्नो-पावडर" हा एकच शब्द पुरायचा. मुंबईच्या पाटणवालांनी १९१९ मध्ये काढलेला अफगाण स्नो हा त्या स्नोंमधला थोरला. आता केज-धारूरची बारावीची पोरगी विचारते, "ताई, नियासिनामाइड आधी लावायचं का व्हिटॅमिन सी?" पार्सल गेवराईलाही येतं आणि माजलगावलाही. मोबाइलवर दहा पायऱ्यांचं रुटीन सांगणारे व्हिडिओ आहेतच. मला यात वाईट काहीच दिसत नाही. उलट डबीवरची बारीक अक्षरं वाचणारी ही पहिली पिढी आहे.

अडचण वेगळीच आहे. घरातल्या त्याच फळीवर तीन प्रकारच्या गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. पहिली, कंपनीची, लेबल असलेली. दुसरी, पार्लरमधून आणलेली बिनलेबलची पांढरी डबी. तिसरी, मेडिकलवाल्याने "हे घेऊन जा, लगेच फरक पडतो बघा" म्हणून दिलेली ट्यूब. या तिन्हींची तुलना एकाच मापाने होते: फरक किती लवकर पडला? आणि या मापावर पहिला नंबर नेहमी दुसरी किंवा तिसरीचाच येतो.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. चाळीस सेकंद लागणारी क्वेरी कुणीतरी एका ओळीचा बदल करून अचानक चुटकीसरशी पळवली, तर टाळ्या वाजवायच्या आधी निकाल बघायचा. सगळा डेटा येतोय ना? का मधली अटच उडवलीये? वेग हा गुण आहेच, पण कारण न कळलेला वेग म्हणजे बहुतेक वेळा बग असतो.

त्वचेचंही तसंच आहे. वरच्या थराच्या पेशी खाली तयार होतात आणि हळूहळू वर सरकत येतात. तरुण माणसात या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे जास्त. त्यामुळे डाग कमी करणारं कोणतंही प्रामाणिक क्रीम आपला परिणाम दाखवायला काही आठवडे घेणारच, दोन-तीन महिनेही घेईल. मॉइश्चरायझर लावल्या लावल्या चेहरा तुकतुकीत दिसतो हे खरं, पण ते पाणी धरून ठेवल्याचं तेज, रंग तोच असतो. मग चार दिवसांत रंग बदलतो तो कशाने? दोन उमेदवार नेहमीचे आहेत.

पहिला, पारा. हो, थर्मामीटरमधला तोच. मेलॅनिन, म्हणजे त्वचेचा रंग, तयार व्हायला एक एन्झाइम लागतं. पाऱ्याचे क्षार त्या एन्झाइमलाच अडवतात. रंग उजळतो, अगदी लवकर उजळतो. पण पारा त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडांवर बसतो. अकोल्याच्या एका घरातली बातमी २०२३ मध्ये आली होती. आई आणि दोन मुली, तिघींच्याही किडन्यांना इजा झाली होती. शोध घेतल्यावर धागा सापडला तो गावातल्या ब्यूटिशियनकडून घेतलेल्या क्रीमचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते तपासलं तेव्हा त्यात पारा निघाला. अकोला म्हणजे काही परदेश नव्हे. तिथल्या पार्लरमध्ये आणि आपल्या बसस्टँडमागच्या पार्लरमध्ये फरक तो काय?

एखादी अफवा वाटत असेल तर केरळचा अभ्यास बघा. मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातले किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांत आजाराचा एक दुर्मीळ प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं व्हायचं क्रीम वापरत होते. हे 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात छापून आलंय. लक्षणं काय, तर पायावर-चेहऱ्यावर सूज, लघवीला फेस. अशा वेळी कोण म्हणेल की दोष चेहऱ्याच्या क्रीमचा असेल? चेहरा तर छान उजळलेला असतो!

कायदा झोपलेला नाही. आपल्या २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनात मुद्दाम पारा घालता येत नाही. नकळत आला तरी डोळ्यांची प्रसाधनं सोडून बाकीच्यांत १ पीपीएमच्या वर चालत नाही, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. पण कायदा लेबलला पकडतो. ज्या डबीला लेबलच नाही तिला कोण पकडणार?

दुसरा उमेदवार स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावं ट्यूबवर शोधा. ही औषधं वाईट नाहीत, इसब-सोरायसिसवर डॉक्टर ती मोजून, ठरावीक दिवसांसाठी देतात. पण चेहऱ्यावर ती रोज गोरेपणासाठी चोपडली की आधी कातडी नितळ होते, मग पातळ होते. लाली येते, बारीक शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, नको तिथे लव वाढते. घाबरून बंद करावं तर चेहरा भडकतो, म्हणून माणूस परत लावतो. व्यसनच की हे! देशातल्या १२ केंद्रांवर त्वचारोगतज्ज्ञांनी केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. म्हणजे जवळजवळ १५ टक्के. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. आता तुमच्या ओळखीच्या मेडिकलवर जाऊन बघा, चिठ्ठी कितीदा मागतात ते.

इथे शिकलेली मंडळी पटकन म्हणतात, "लोक अडाणी आहेत, दुसरं काय." मला हे अजिबात पटत नाही. चार दिवसांत फरक मागणारी मुलगी अडाणी नसते, तिच्याकडे तारीख असते. पाहुणे रविवारी बघायला येणार असतात. बायोडेटावर "वर्ण" नावाचा रकाना असतो आणि त्यात "सावळा" लिहायची वेळ आली की घरातलेच "निमगोरा" लिहून मोकळे होतात. एका जुन्या प्रसिद्ध क्रीमने, १९७५ पासून वापरलेला 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये नावातून काढला आणि 'ग्लो' घातला. बायोडेटाच्या रकान्याने मात्र नाव बदललेलं नाही. आपण तरुण, शिकलेले, पगारदार लोक, आपल्या स्वतःच्या लग्नाच्या प्रोफाइलमध्ये हा रकाना भरतोच ना? मग मागणी कुठून येते हे वेगळं सांगायला नको. पार्लरवाल्या ताईला एकटीला धरून उपयोग नाही. तिलाही ती डबी कुणीतरी घाऊक भावात, "भारीतलं आहे" म्हणूनच विकलेली असते, आणि ती स्वतःही तेच लावत असते.

"म्हणूनच आपलं घरगुती बरं," असं म्हणणाऱ्यांनाही एक सांगायचंय. घरगुती म्हणजे आपोआप निर्धोक नव्हे. लिंबू चोळून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग राहू शकतात. टिकलीच्या गोंदातल्या एका रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडतो, हे त्वचेच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. त्वचेला देशी-विदेशी कळत नाही, तिला फक्त रसायन कळतं.

मग करायचं काय? इंजिनिअर असल्यामुळे यादी केल्याशिवाय राहवत नाही :)

एक, एका वेळी एकच बदल. पाच नवीन बाटल्या एकदम सुरू केल्या आणि पुरळ आलं, तर दोष कुणाला देणार? एक वस्तू, चार आठवडे, मग पुढची. त्याआधी आठवडाभर कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून बघायचं. खाज किंवा लाली आली तर तिथेच थांबायचं.

दोन, लेबल. कंपनीचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, घटकांची यादी. बाहेरून आलेलं असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. यातलं काहीच नसेल तर ती डबी फुकट मिळाली तरी महाग आहे. घटकांत 'मर्क्युरी', 'मर्क्युरस' किंवा 'कॅलोमेल' दिसलं तर विचारही करू नका.

तीन, ऊन. बीडच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो (हा मात्र खरा थर्मामीटरमधला). अशा उन्हात सनस्क्रीनशिवाय डागांवर सिरम लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. एसपीएफ ३० चं पुरेसं जाड लावलं तर त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के अतिनील किरण अडतात, ५० चं लावलं तर ९८. म्हणजे आकड्यापेक्षा किती लावता हे महत्त्वाचं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवरच्या दोन रेघांएवढं, आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत. हे परवडत नसेल तर स्कार्फ आहेच. उसाच्या फडात आमच्या बायका डोक्या-तोंडाला कापड घट्ट गुंडाळून काम करतात, त्यामागे कुठलाही व्हिडिओ नाही, शुद्ध अनुभव आहे.

चार, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. रविवारच्या कार्यक्रमासाठी चेहरा वेगळा दिसायला हवा असेल तर मेकअप करा. बिनधास्त करा. फाउंडेशन, काजळ, लिपस्टिक ही मला या धंद्यातली सगळ्यात प्रामाणिक मंडळी वाटतात. दोन मिनिटांत फरक पडतो आणि रात्री धुतला की उतरतो. गोरेपणाचं झटपट क्रीम मात्र उतरत नाही, ते आत जातं. गंमत अशी की मेकअप करणाऱ्या पोरीला आपण "केवढं थोपलंय" म्हणून हसतो, आणि चोरून ट्यूब लावणारीला "किती नैसर्गिक उजळली गं" म्हणतो!

आणि डाग, पुरळ, वांग खरंच त्रास देत असतील तर तो आजार आहे, त्याला डॉक्टर असतात. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्वचारोगाची ओपीडी आहे. एका सिरमच्या बाटलीएवढेही पैसे तिथे लागत नाहीत. आधीच बिनलेबलची डबी वापरून झाली असेल तर ती फेकून न देता सोबत न्या, आणि सूज किंवा फेसाळ लघवी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

असो. यापुढे कुणी "ताई, कोणतं क्रीम चांगलं?" विचारलं तर लगेच नाव सांगू नका. आधी विचारा, "फरक किती दिवसांत हवाय?" उत्तर "चार" आलं, तर प्रश्न क्रीमचा नाही. तो कुणी, कशासाठी, कोणत्या तारखेसाठी मागितलाय, याबद्दल तिच्याशी दोन शब्द बोला. आणि जमलं तर आपल्या घरातल्या पुढच्या बायोडेटातून तो एक रकाना तेवढा खोडून टाका. त्याला पैसेही लागत नाहीत, आणि साइड इफेक्टही नाहीत.