‘घरचीच आहे ती’ म्हणजे नेमकी कोण?

मैत्रिणींनो, ‘ती आम्हाला घरच्यासारखीच आहे हो!’ हे वाक्य मोलकरणींमध्ये काम करताना आपण किती वेळा ऐकले असेल! पगारवाढीचा, रजेचा विषय निघाला की ते हमखास येते. श्रीमंत देशांनी तर या वाक्याचा कायदाच करून टाकला आहे. त्या व्यवस्थेचे नाव ‘ओ पेअर’. या फ्रेंच शब्दांचा अर्थ ‘बरोबरीने’. परदेशातून आलेली तरुण मुलगी एखाद्या कुटुंबात राहते, मुले सांभाळते, भाषा शिकते. बदल्यात तिला खोली, जेवण आणि हातखर्च मिळतो.

१९६९ साली युरोप परिषदेने याबाबत करार केला. त्यात या मुलींना ना विद्यार्थिनी मानले, ना कामगार. त्यांचा एक वेगळाच वर्ग केला. कामगार नाही म्हटले की कामगाराचे हक्कही मागता येत नाहीत!

अमेरिकेत ही योजना १९८६ मध्ये आली. १८ ते २६ वर्षांच्या मुली, दिवसाला १० आणि आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम. आणि याला नाव काय, तर ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’! आता हिशेब पाहा. २००९ पासूनचे तिथले संघीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर. ४५ तासांचे झाले ३२६.२५. त्यातून राहण्याजेवणाचे ४० टक्के कापले की उरतात १९५.७५ डॉलर. म्हणजे तासाला चार डॉलर पस्तीस सेंट. पोटच्या मुलीच्या ताटाचे पैसे कोणती आई कापून घेते? कापायच्या वेळी ती परकी, आणि मागायच्या वेळी घरची!

शिवाय ती राहते मालकाच्याच छपराखाली. भांडण झाले तर काम जाते, त्याबरोबर अंथरूणही जाते. दुसरे घर मिळाले नाही तर देशही सोडावा लागतो. अशा मुलीने ‘आज माझे तास संपले’ हे कोणत्या बळावर म्हणायचे?

तरीही या मुली लढल्या. एजन्सींनी संगनमत करून वेतन दाबून ठेवले, असा दावा २०१४ मध्ये डेन्व्हरच्या न्यायालयात दाखल झाला. २०१९ मध्ये १५ एजन्सींना तडजोडीत ६ कोटी ५५ लाख डॉलर मोजावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोस्टनच्या अपील न्यायालयाने सांगितले की, मॅसॅच्युसेट्स राज्याचे किमान वेतन आणि घरकामगारांचा कायदा या मुलींनाही लागू आहे.

यावर नोकरी करणाऱ्या आया म्हणाल्या, ‘आम्हाला हे परवडणार कसे?’ त्यांची अडचण खोटी नाही. अमेरिकेच्या १९९३ च्या कायद्याने बाळंतपणाला बारा आठवड्यांची रजा दिली, पण तीही बिनपगारी. मात्र पाळणाघर सरकारने द्यायचे नाही, मूल बापाने सांभाळायचे नाही, आणि दोघांनी टाकलेले ओझे तिसऱ्या, गरीब देशातल्या बाईच्या डोक्यावर स्वस्तात ठेवायचे, याला स्त्रीमुक्ती म्हणायचे का? सांभाळणारीचा खर्च नेहमी आईच्याच पगारातून का वजा होतो? बापाच्या का नाही?

हा सवाल आपल्यालाही चुकलेला नाही. १९८० साली पुण्याच्या मोलकरणींनी संप केला, तेव्हा ‘घरच्यासारखी’चा बुरखा त्यांनीच फाडला. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये जिनिव्हात झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण मान्यतेची सही अजून केलेली नाही. अमेरिकेनेही नाही. सरकारला आपण जाब विचारूच. पण आपण बैठकीला निघतो तेव्हा घरी मुलाजवळ कोण थांबते, किती तास, आणि किती पैशांत, हेही विचारू.

घरात राहून काम करणारी बाई कामगार आहे. तिचे तास लिहा, सुट्टी ठरवा, पूर्ण वेतन द्या. माया त्यानंतर खुशाल करा. तिच्यावर माया केली म्हणून तिची मजुरी फिटत नाही.