परत आले, पण कुठल्याच पाटीवर नाहीत

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. पहिल्या महायुद्धात या एकट्या गावाचे ४६ जवान कामी आले, आणि इंग्रजांनी त्यांच्या आठवणीसाठी तिथं स्मृतिशिला लावली. अशा शिला त्यांनी गावोगाव लावल्या. मजकूर साधारण एकच : या गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. वजाबाकी आपण करायची. जे उरतात ते परत आलेले. कुठून आले, कुणाच्या कैदेतून सुटून आले, हे शिला सांगत नाही. आणि खरं सांगू का, आपणही विचारत नाही. शहिदाचं स्टेटस आपण ठेवतो. कैदेतून सुटून आलेल्याचं काय करायचं, हे आपल्याला कळतच नाही.

कुतचं उदाहरण घ्या. कुत-अल-अमारा हे आजच्या इराकमधलं गाव. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी त्याला वेढा घातला. आत सहावी पुणे डिव्हिजन होती, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. म्हणजे आपल्याच भागातली पोरं. (तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्यातला तासगाव, वाळव्याकडचा पट्टाही सातारा जिल्ह्यातच होता.) धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापले गेले. आपल्या बहुतेक शिपायांनी किती तरी दिवस ते मांस तोंडात घातलं नाही. हिरड्या सुजल्या, अंगातली ताकद गेली. २९ एप्रिल १९१६ ला जनरल टाउनशेंडनं शरणागती दिली आणि सुमारे १३,००० माणसं कैद झाली. त्यात बहुतेक हिंदी.

लक्षात घ्या, शरण जायचं की नाही हे शिपायाला कुणी विचारलं नव्हतं. जनरलसाहेबांची रवानगी इस्तंबूलजवळच्या बेटावर झाली, राहायला बंगला आणि दिमतीला नोकर. शिपायांना मात्र वाळवंटातून चालवत नेलं. बगदाद, मोसूल, आणि तिथून पार रास-अल-ऐन, आजच्या सीरिया-तुर्कस्तान सीमेवर. तिथं बगदाद रेल्वेचं काम. वाटेत जो बसला, तो बहुधा तिथंच राहिला.

३० ऑक्टोबर १९१८ ला तुर्कस्ताननं युद्ध थांबवलं आणि जगले वाचले ते सुटले. आता पुढचा प्रवास डोळ्यांसमोर आणा. बोटीनं मुंबई. डेपोत हिशेब झाला की पुण्याहून मिरजेकडे जाणारी छोट्या लाइनची गाडी, आणि सातारा रोड, रहिमतपूर, कऱ्हाड, जे जवळ पडेल तिथं उतरून गावापर्यंत पायपीट. पण कुठलं गाव? १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबई इलाख्यात इन्फ्लुएंझानं माणसं पटापट मेली होती. त्याच वर्षी पावसानंही दगा दिला होता. लढाईत मरेल म्हणून ज्याच्यासाठी घरचे रडले, तो जिवंत दारात उभा, आणि रडणारेच गेलेले, असं किती उंबऱ्यांवर झालं असेल!

कुतच्या कैदेची हकिगत बंगालीत वाचायला मिळते. शिशिर सर्बाधिकारी हा कायदा शिकलेला तरुण अॅम्ब्युलन्स पथकातून गेला, तिथं कैद झाला, रास-अल-ऐनच्या इस्पितळात राबला. लपवून ठेवलेल्या टिपणांवरून त्यानं पुढे ‘अभि ले बगदाद’ हे पुस्तक लिहिलं. तो तुमच्यासारखा कॉलेजातला होता, म्हणून त्याचं सगळं उरलं. नांगर सोडून गेलेल्या आपल्या बहुतेक शिपायांना अक्षरओळखच नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन तिथं होती. तिथंही शरणागतीचा निर्णय जनरलचा आणि कैद शिपायाची.

ही पिढी आता विचारायला उरलेली नाही. पण १९७१ ची आहे. त्या युद्धातले आपले सहाशेहून जास्त कैदी १ डिसेंबर १९७२ ला वाघा ओलांडून परत आले. त्यातले वैमानिक दिलीप पारुलकर तुम्हाला ठाऊक असतील. रावळपिंडीच्या छावणीतून दोन साथीदारांसह निसटले आणि लंडी कोतलला पकडले गेले. त्यांच्यावर पुस्तक आलं, सिनेमा आला. यायलाच हवा होता. पण त्याच दिवशी त्याच फाटकातून चालत आलेल्या साध्या जवानाचं काय? १९७१ ला विशीत असलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत लष्करातून निवृत्त झालेला म्हातारा नाही, असं गाव शोधून सापडायचं नाही.

तेव्हा या सुट्टीत गावी गेलात की पारावरच्या आजोबांकडे जाऊन बसा. ‘किती मारले?’ हे विचारू नका. ते सगळेच विचारतात. परत आल्यावर पहिल्यांदा दार कुणी उघडलं, ते विचारा. तुमच्याबरोबरचं कुणी कैद झालं होतं का, तो पुढे गावात कसा राहिला, लोक त्याच्याशी कसे वागले, हे विचारा. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी परवानगी घ्या. नको म्हणाले तर फोन खिशात ठेवा, चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.