यंत्राने आपली फेरिस्त आधी दाखवावी

संगणक सुरू होताना पडद्यावर उत्पादकाचे बोधचिन्ह तेवढे झळकावे आणि यंत्राच्या पोटात कोणती उपकरणे आहेत याचा मालकाला थांगही लागू नये, यालाच हल्ली सुधारणा म्हणतात. मला ती मान्य नाही.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात फ्रीबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीत ‘बूट -सी’ ही आज्ञा देऊन पुढे ‘व्हिज्युअल’ म्हटले, की कर्नलने, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने, उपकरणांचा शोध सुरू करण्यापूर्वीच उपकरणांची वर्गवार फेरिस्त समोर येई, आणि प्रत्येक नोंदीपुढे इंटरप्टचा व पोर्टचा क्रमांक असे. तेव्हाची बरीच आयएसए कार्डे स्वतःची ओळख देत नसत. म्हणून कर्नलला ठरावीक पत्त्यांवर चाचपून पाहावे लागे, आणि त्या पत्त्यावर भलतेच कार्ड असले तर सारे यंत्र जागच्या जागी गोठे. कर्नलच्या दप्तरी नेटवर्क कार्ड इंटरप्ट १० आणि पोर्ट २८० वर नोंदलेले, कार्डावरचे जंपर मात्र ५ आणि ३०० वर बसवलेले, अशी विसंगती त्या पडद्यावर पाहताक्षणी उमगे. दोन उपकरणांनी एकाच इंटरप्टवर दावा सांगितला असेल तर तो तंटाही तेथेच दिसे, आणि नको ती नोंद रद्द करण्याची मुभा मालकाला असे.

पुढे पीसीआय कार्डे उत्पादकाचा आणि स्वतःचा क्रमांक आपणहून सांगू लागली, आणि फ्रीबीएसडीच्या ५.० आवृत्तीपासून हे साधन गेले. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त कार्यप्रणालीत त्याचे भावंड आजही नांदते आहे. त्यावर आक्षेप असा, की तेथे ‘लिस्ट’ ही आज्ञा दिल्यावर शेकडो नोंदी सरकत जातात आणि त्यांतली बहुतेक उपकरणे आपल्या यंत्रात नसतातच. आक्षेप खरा आहे. परंतु ती यादी कर्नलला ठाऊक असलेल्या उपकरणांची असते, सापडलेल्यांची नव्हे, आणि तसेच असणे प्राप्त आहे, कारण शोध सुरू झाल्यावर यंत्र गोठले तर पुढे यादी दाखवायला उरणार कोण? उणीव आहे ती हा भेद पडद्यावर स्वच्छ शब्दांत न सांगण्याची.

सदोष ड्रायव्हरमुळे यंत्र अर्ध्यावर अडून बसण्याचे प्रसंग आजही येतात, आणि अशा वेळी ज्याने पैसे मोजून यंत्र घेतले त्याला आत काय आहे हे पाहण्याचाही अधिकार नसावा, हा अन्याय होय. कार्यप्रणाली रचणाऱ्यांनी ही फेरिस्त सुरुवातीलाच, साध्या नावांनिशी, ‘ठाऊक’ आणि ‘मागील खेपेस सापडलेले’ असे दोन रकाने करून, मागेल त्याला दाखवण्याची तजवीज करावी.