वेरूळची सहल आणि न विचारलेले प्रश्न

गेल्या विकांताला वेरूळला जाऊन आलो. सहलींचा सीझन. पोरांची रांग आणि सर ओरडतायत, "लेणी चौतीस! बौद्ध बारा, हिंदू सतरा, जैन पाच! लिहून घ्या, पेपरात येतं!" शाळेत असताना आम्हीही हेच लिहून घेतलं होतं. च्यायला, आमच्या सॉफ्टवेअरचंसुद्धा दर सहा महिन्यांनी नवं व्हर्जन येतं!

माझं म्हणणं एवढंच, की आपण मुलांना दगड दाखवतो, माणसं दाखवतच नाही.

दहा नंबरचं लेणं घ्या. बौद्ध चैत्य, स्तूपापुढे बसलेला बुद्ध, छताला दगडात कोरलेले वासे. लोक त्याला 'सुताराची झोपडी' म्हणतात. सुतार मंडळी इथे येऊन बुद्धाला आपला विश्वकर्मा मानून पूजत, अशी नोंद इंग्रजांच्या काळापासून आहे. "लोकांचा गैरसमज" म्हणून आपण हसून पुढे जातो. अहो, गैरसमज कसला? कारागिरांनी खरोखरच लाकडी बांधकामाची नक्कल दगडात केली होती. ज्याचा हात रंध्यावर बसलाय, तो ते ओळखणारच!

समोरच्याला मूर्ख न ठरवता, तो असं का करतो हे त्याच्या जागी उभं राहून समजून घ्यायचं, यालाच सांस्कृतिक मानवशास्त्र म्हणतात. आणि हा विषय काही परका नाही. इरावती कर्वे बर्लिनला शिकत असताना त्यांच्या मार्गदर्शकाला कवट्यांच्या मापांतून युरोपीय वंशाचं वेगळेपण सिद्ध करायचं होतं. बाईंनी मापं घेतली आणि असा फरक दिसत नाही म्हणून सांगितलं. मग १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून त्या गावोगाव हिंडल्या. आपल्याला 'युगान्त' माहीत असतं, त्यामागचं शास्त्र नाही.

"उपयोग काय?" हा आपला आवडता प्रश्न. ऑनसाईटला जाण्याआधी अर्ध्या दिवसाचं सेशन होतं, हात कसा मिळवायचा वगैरे. तेवढंच आपलं मानवशास्त्र! मग दोन वर्षं राहून "गोरे असेच असतात" म्हणत परत यायचं.

इथे तर त्याहून महाग पडतं. वेरूळपासून चारेक किलोमीटरवर खुलताबाद. मार्च २०२५ मध्ये तिथल्या औरंगजेबाच्या कबरीवरून वाद पेटला, नागपुरात दंगल झाली. त्याच खुलताबादेत सूफींचे दर्गे आहेत. ज्या मालोजीराजांकडे वेरूळची पाटीलकी होती, त्यांच्या मुलांची शहाजी आणि शरीफजी ही नावं शाह शरीफ पीरावरून ठेवली, अशी परंपरा आहे. पण दर्ग्यात आज कोण जातं, नवस कशासाठी बोलतं, हे जाऊन विचारायला आमच्या पिढीला कुणी शिकवलंच नाही. आम्हाला फक्त बाजू घेता येते.

म्हणून साधी मागणी. नववीच्या सहलीत एक तास गावासाठी ठेवा. फुलवाली, पुजारी, दर्ग्यातला खादिम, कुणा एकाशी बोला. ऐकलं तेच लिहा, आपलं मत नको. याला ना बजेट लागतं, ना नवं पुस्तक.

निघताना रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, "सर, घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना शर्ट का काढायला लावतात?"

सर म्हणाले, "चल चल, बस सुटेल."

असो. बस तर केव्हाच सुटलीय.