फळबागेचा अर्ज भरण्याआधी

उन्हाळा चढला की गावोगावी पारावर फळबागेची चर्चा सुरू होते. कुणी सांगतो, यंदा मोसंबीला अनुदान आहे. कुणी म्हणतो, आंबा लावा, बघावं लागत नाही. योजना आहेत, चांगल्याही आहेत, त्या जरूर घ्या. पण अनुदान मिळतंय म्हणून बाग लावायची, हा हिशेब उलटा आहे. तो उलटा होता हे चार-पाच वर्षांनी कळतं, आणि तोवर रान अडकून पडलेलं असतं.

सरकारने या बाबतीत काहीच केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. 1990 साली महाराष्ट्राने रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली आणि कोकणातल्या वरकस जमिनींवर आंबा-काजू उभे राहिले, देशावरच्या माळांवर डाळिंब-बोर आली. केंद्राचं राष्ट्रीय फलोत्पादन अभियान 2005-06 मध्ये सुरू झालं. आज जॉबकार्ड असलेल्याला रोजगार हमीतून बाग लावता येते. त्या निकषांत न बसणाऱ्यांसाठी 2018 पासून भाऊसाहेब फुंडकर योजना आहे. तिचं अनुदान तीन वर्षांत 50, 30 आणि 20 टक्के असं मिळतं. पुढचे दोन हप्ते झाडं जगली असतील तरच मिळतात. ही अट जाचक नाही, उलट तीच या योजनेतली सगळ्यात शहाणी गोष्ट आहे.

म्हणून अर्जाच्या आधी विहीर बघा. पावसाळ्यातली नव्हे, मे महिन्यातली. मोसंबी सहा बाय सहा मीटरवर लावली तर हेक्टरी 277 झाडं बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला भर उन्हाळ्यात ठिबकनेसुद्धा दिवसाला शंभर लिटरच्या पुढे पाणी लागतं. म्हणजे रोज सत्तावीस-अठ्ठावीस हजार लिटर, दहा हजारी टँकर धरला तर जवळजवळ तीन टँकर. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी उभी झाडं तोडून सरपणाला घातली. त्यांनाही लागवडीच्या वेळी पाणी दिसतच होतं. तुमच्या विहिरीला मेमध्ये एक एकर भागवण्याइतकंच पाणी असेल तर एकच एकर लावा, अर्जात कितीही हेक्टर बसत असले तरी.

मग माती. संत्रा-मोसंबीला चुनखडीचं रान चालत नाही, पानं पिवळी पडत जातात. माती परीक्षण करून घ्या. एक खड्डा कमरेइतका खोल खणून खाली मुरूम लागतो की चोपण, तेही डोळ्यांनी बघा. खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यायचे, हे जुनी माणसं सांगतात ते खरंच आहे.

खरी फसगत रोपात होते. राज्यात फळरोपवाटिकांना परवाना लागतो, तसा कायदा 1969 पासून आहे. तरीही टेम्पोत भरून दारात आलेली स्वस्त कलमं लोक घेतातच. कलम हातात घेऊन नीट बघा. डोळा जमिनीपासून वीतभर तरी वर भरलेला हवा. जोड एकजीव झालेला हवा, बोटाने दाबला तर हलता कामा नये. पट्टी अजून आवळलेली असेल तर ती काढायची, नाहीतर ती खोडात रुतते. पिशवीच्या बुडातून जाड मुळी बाहेर येऊन वळलेली असेल तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलंय, परत द्या. लावताना जोड मातीत गाडू नका, डिंक्याला आमंत्रण मिळतं. आणि जोडाच्या खालून येणारी फूट दिसेल तेव्हा खुडा. ती जंभेरीची किंवा रंगपूर लिंबाची असते. जोमदार दिसते म्हणून ठेवली तर कलम मरतं आणि खुंट वाढतो. पावती पक्की घ्या, तिच्यावर जातीचं आणि खुंटाचं नाव लिहून घ्या. फळ लागल्यावर जात वेगळी निघाली, तर हातात पुरावा तेवढाच.

कागदपत्रांचं थोडक्यात. अर्ज महाडीबीटीवर करायचा आणि फार्मर आयडी आधी काढून ठेवायचा. पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत ठिबक, शेडनेट, रोपं यातलं काहीही विकत घेऊ नका. आधीच्या तारखेचं बिल चालत नाही. 'टक्केवारी द्या, मंजुरी आणतो' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. शंका असली तर गावच्या कृषी सहायकाला गाठा. (आता त्यांचं पदनाम सहायक कृषी अधिकारी झालंय, काम तेच आहे.)

भाजीपाल्याचं गणित वेगळं. शेडनेट, कांदाचाळ, पॅकहाऊस यांना मदत मिळते, टोमॅटोच्या भावाला मिळत नाही. शेडनेट उभारायचं तर आधी माल कुठल्या बाजारात जाणार ते ठरवा आणि निम्मा खर्च खिशातून जाणार हे धरूनच चाला.

राहता राहिला मधला काळ. मोसंबीला फळ धरायला चार-पाच वर्षं जातात आणि अनुदान तिसऱ्या वर्षी संपतं. तेवढी वर्षं दोन ओळींमध्ये मूग, उडीद, हरभरा घ्या. कपाशी किंवा ऊस नको, ती पिकं झाडांच्या तोंडचं पाणी आणि खत ओढतात. ई-पीक पाहणीत बागेची नोंद दर वर्षी करा. पुढे फळपीक विमा घ्यायची वेळ येईल, तेव्हा पहिल्यांदा तीच मागतात.