उड्डाणाआधीचे इंग्रजी

अपत्याला वैमानिक व्हायचे आहे, असे कळताच घरात पहिली चर्चा शुल्काची होते. ती रास्तच आहे. प्रशिक्षणाला लाखो रुपये लागतात आणि पुष्कळ कुटुंबांना त्यासाठी कर्ज काढावे लागते. बारावीचे भौतिकशास्त्र व गणित पाहिले जाते, वैद्यकीय तपासणी होते. इंग्रजीचा विषय मात्र ‘तिथे गेल्यावर येईल’ एवढ्यावर संपतो.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन विमानांची टक्कर झाली. दिल्लीत उतरू पाहणाऱ्या कझाक विमानाला १५ हजार फुटांवर, तर दिल्लीहून निघालेल्या सौदी विमानाला १४ हजार फुटांवर राहण्याची सूचना होती. समोरून विमान येत असल्याचेही नियंत्रकाने कझाक विमानाला कळवले होते. तरीही ते दिलेल्या उंचीच्या खाली आले आणि ३४९ जीव गेले. नियंत्रकाशी बोलण्याचे काम त्या विमानातील रेडिओ ऑपरेटरकडे होते. चालकदलाचे इंग्रजी तोकडे असल्याची बाब चौकशीत पुढे आली.

त्याआधी १९९० मध्ये न्यूयॉर्कजवळ कोलंबियाचे एक विमान इंधन संपून कोसळले व ७३ जण दगावले. वैमानिकांनी ‘प्रायॉरिटी’ मागितली होती. ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नव्हता.

ठरावीक वाक्ये पाठ करून नेहमीचे काम भागते. संकटाचे वर्णन मात्र पाठांतरात सापडत नाही. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने मार्च २००८ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांवरील वैमानिकांसाठी सहापैकी किमान चौथ्या पातळीचे इंग्रजी आवश्यक केले. उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद यांची परीक्षा होते, आणि यांतील सर्वांत कमी ठरलेली पातळी हीच अंतिम पातळी मानली जाते. एका बाजूची जमा दुसरीकडे वळवता येत नाही! मराठी वळणाचा उच्चार हा दोष नव्हे. तो ऐकणाऱ्याला समजला पाहिजे, इतकेच.

मराठी माध्यमातील विद्यार्थ्याने यामुळे कचरू नये. प्रवेशापूर्वीचे सहा-आठ महिने रोज इंग्रजी ऐकणे, ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगणे आणि न समजल्यास निःसंकोच पुन्हा विचारणे, एवढा सराव घरबसल्या होतो. प्रशिक्षण विमानात मात्र पैसे तासाच्या हिशेबाने मोजावे लागतात. प्रशिक्षकाची सूचना न कळल्याने एखादा धडा पुन्हा घ्यावा लागला, तर त्या तासाचे शुल्क पुन्हा भरावे लागते आणि कर्ज असेल तर त्यावरचे व्याजही.